नवव्या डब्यापासून

डोंगराच्या पोटात आठशे मीटर आत गेलेल्या त्या बोगद्यात नऊ डबे होते. ते नऊही डबे एकमेकांशी हवेतून बोलत असत, ही गोष्ट तीन महिने उलटून गेल्यावरही वायरमनला पुरतेपणी खरी वाटत नसे.

त्याचे शिक्षण आठवीपर्यंतचे. बावीस वर्षे त्याने पक्कड आणि टेस्टर यांच्या आधारावर संसार केला होता. या बावीस वर्षांत उजेड असो, घंटा असो वा निरोप असो, जे काही इकडून तिकडे गेले ते तारेतूनच गेलेले त्याने पाहिले होते. या बोगद्यातही त्याने एकदा नव्हे, तीनदा तार ओढली. पहिली डंपरच्या चाकाखाली गेली. दुसरी सुरुंगाच्या दगडांनी तोडली. तिसरी कुणी तोडली याचा उलगडा आजवर झालेला नाही. मुकादम उंदरांचे नाव घेई आणि उंदीर बहुधा मुकादमाचे घेत असतील. अखेरीस वरून हे डबे आले. त्यांचे कागदोपत्री नाव मेश ॲक्सेस पॉइंट असे होते, परंतु डोक्यावर दोन-दोन ॲन्टेना उभ्या असल्यामुळे बोगद्यातली माणसे त्यांना शिंगवाले डबे म्हणू लागली.

दर शंभर मीटरवर भिंतीच्या खुंटीला एक डबा. वीज दिव्यांच्या लाइनीवरून. केवळ पहिल्या, बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या डब्यातून एक तार ऑफिसात गेलेली. बाकीच्या आठांना तार म्हणून नाहीच. दुसरा पहिल्याचा हात धरून उभा, तिसरा दुसऱ्याचा, आणि याप्रमाणे थेट नवव्यापर्यंत. रोज सकाळी वायरमन आत चालत जाई आणि अंधारात हिरवे दिवे मोजी. सातव्याच्या पुढे वळण होते. तेथे क्षणभर एकही दिवा दिसत नसे. मग वळण संपताच आठवा दिसे, त्याच्या पलीकडे नववा, आणि दर खेपेस त्याच्या अंगावर बारीकसा काटा येई. मधल्या हवेत त्याने कैकदा हात फिरवून पाहिला होता. हाताला काहीही लागले नव्हते.

याच बोगद्यात त्याचे सासरे कामाला होते. त्यांचे काम असे की सुरुंग उडाला, धूर ओसरला की सर्वांच्या आधी त्यांनी लोखंडी पहार घेऊन आत जायचे, छताला आणि भिंतींना ठिकठिकाणी ठोकायचे, ऐकायचे, आणि सांगायचे: इथे पक्का, इथे पोकळ. जिथे पोकळ म्हणाले तिथला सुटलेला दगड लांब पहारींनी आधी पाडायचा; त्यानंतरच ड्रिलवाल्या अठरा माणसांनी पाऊल पुढे टाकायचे. एकतीस वर्षे आणि हा तिसरा बोगदा. त्यांच्या शब्दावर आत गेलेल्या माणसाला आजवर खरचटलेलेही नव्हते. लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि कानसेनांचा म्हणून वायरमनला सारा बोगदा जावई म्हणे. "अठरा घरचे सासरे आणि जावई एक," असे मुकादम म्हणायचा, "पण मान काही दिसत नाही!"

परंतु चार दिवसांपूर्वी एक गोष्ट घडली होती.

सुट्टीचा दिवस होता. वायरमन आणि त्याची बायको तिच्या वडिलांच्या खोलीवर गेली होती. ती दोरीवरचे कपडे काढायला खालीच थांबली. आत सासरे खुर्चीत बसून बुटांना तेल लावत होते, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर शेगडीवरची किटली शिट्टी वाजवीत होती. ती शिट्टी अशी कर्कश होती की वायरमनने जिन्यातच कानांवर हात ठेवले. सासरे मात्र शांतपणे बूट चोळत होते. त्याने पुढे होऊन शेगडी बंद केली. सासऱ्यांना त्याचा हात दिसला, मग किटली दिसली, मग त्याचा चेहरा.

"कधीपासून, बाबा?"

ते त्याच्या ओठांकडे पाहत होते. "वर्ष झालं असेल. आधी उजवा गेला. आता डावाही निघालाय."

"आणि बोगद्यात?"

"हाताला कळतं ना. पहार सांगते हाताला. बरंचसं कळतं."

"बरंचसं?"

जिन्यात पावले वाजली. सासऱ्यांना ती ऐकू आली नसावीत. परंतु जावयाने दाराकडे पाहिले हे त्यांनी पाहिले. "जावईबापू," ते घाईने म्हणाले, "पोरीला सांगू नका. आणि तिकडं तर नकोच नको. तोंडातून शब्द काढणार नाही म्हणा."

वडिलांच्या वयाच्या माणसाने असे हात धरून म्हटल्यावर तो काय करणार? तो म्हणाला. पण त्या दिवसापासून 'बरंचसं' हा एक शब्द त्याच्या काळजात खिळ्यासारखा रुतून बसला. अठरा माणसे त्या शब्दाखाली उभी राहत होती. बोलावे तर एकतीस वर्षांची अब्रू धुळीला मिळते, न बोलावे तर अठरा घरे. त्याला अन्न गोड लागेना.

अशा वेळी ते पिवळे यंत्र आले, तेव्हा त्याला ते आकाशातून उतरल्यासारखे वाटले यात नवल नाही.

हे यंत्र खडकाची नाडी पाहणारे होते. त्याची बोटांएवढी टोके खडकाला पाडलेल्या भोकांत घट्ट बसवली की आत कुठे केसाएवढी भेग सरकली, कुणी बाहेरून ठोकले, तरी ते टिपून घेई आणि ऑफिसातल्या पडद्यावर त्याची रेघ उमटे. इंजिनिअर बाईंनी ते खटपट करून मागवले होते. बोगद्याच्या टोकाला, नवव्या डब्याखाली, ते बसवूनही झाले. राहिली एकच गोष्ट.

"जावई, याला बिनतारी काही नाही बरं का," बाई सकाळी म्हणाल्या. त्या वयाने लहान होत्या, पण सगळ्यांसारख्या त्याही त्याला जावईच म्हणत. "एकच तोंड आहे, तारेचं. नवव्या डब्याच्या पोटात पोर्ट आहे, त्यात याची वायर घालायची. पुढचं डबे बघतील. पण दोन वाजायच्या आत."

"दोनच का?"

"दोनला पाळी बदलते, आणि दोनलाच गाडी येतेय. पलीकडच्या बोगद्यावाले आठवडाभर माझ्या मागे लागलेत या यंत्रासाठी. दोनपर्यंत पडद्यावर रेघ आली तर यंत्र आपलं. नाही आली तर गाडीत घालून देणार." मग दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहून त्या हसल्या. "आणि मग आहेतच की आपले कानसेन!"

सासरेही हसले. बाई हसल्या म्हणून ते हसले, हे त्या खोलीत एकट्या वायरमनला ठाऊक होते.

साडेनऊला वायरमन, सासरे आणि मुकादम असे तिघे टोकाला पोचले. सकाळचा सुरुंग उडून गेला होता, आदल्या दिवसाप्रमाणे आजही सासऱ्यांनी ठोकून 'पक्का' असे सांगितले होते, आणि दुपारची पाळी येईपर्यंत तेथे कुणी नव्हते. ओल्या खडकावर दिव्यांचा उजेड तेलासारखा पसरला होता. वायरमनने यंत्राची वायर उचलली, नवव्या डब्याच्या पोटातले रबरी झाकण काढले आणि वायर पोर्टात सारली. टिक् असा आवाज आला. बावीस वर्षे हा आवाज ऐकून त्याचा जीव थंड होत आलेला.

डब्याचा हिरवा दिवा पिवळा झाला. लुकलुकला. आणि तसाच लुकलुकत राहिला.

लॅपटॉपवर पाहावे तर नववा डबा यादीतून नाहीसा.

"काय हो, रुसला?" मुकादम म्हणाला.

वायरमनने वायर काढली. दोन-तीन मिनिटांत डबा पुन्हा हिरवा झाला, यादीत आला. पुन्हा वायर घातली, पुन्हा पिवळा. तिसऱ्यांदाही तसेच.

"अहो जावई, तार दिसली की हा डबा पळतोय. तुमच्या हाताला गुण नाही का डब्याला अक्कल नाही?"

"दोन मिनिटं गप्प बसता का?"

"बसतो. दोनच."

वायरमन एका दगडावर टेकला. डब्याने तार आधी कुठे पाहिली असेल, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचारासरशी ऑफिसातले ते लाकडी टेबल त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. तीन महिन्यांपूर्वी नऊही डबे त्याने त्याच टेबलावर एकेक करून तयार केले होते. पोटात ऑफिसची तार खुपसायची, नाव द्यायचे, पासवर्ड द्यायचा, मग तार काढून बोगद्यात न्यायचे. म्हणजे डब्याने जन्मल्यापासून एकच तार पाहिली होती, आणि ती ऑफिसची! आता पोटात तार आली की त्याला वाटे, आपण टेबलावर परत आलो. आता शेजाऱ्याचा हात कशाला धरायचा?

हे त्याने मुकादमाला सांगितले. मुकादमाने गंभीरपणे मान डोलावली. "म्हणजे माहेरचा निरोप आला की सासरचा हात सोडून चालू लागायचं."

"अगदी तसंच."

"मग सांगा की तिला. ही तार माहेरची नाही, आलेल्या पाहुण्याची आहे. याला पाणी दे आणि पुढे पोचव."

"तेच सांगायला बसलोय."

पोर्टाच्या पानावर 'अपलिंक', म्हणजे ऑफिसकडे जाणारी तार, असे लिहिले होते. त्याने ते खोडून 'ब्रिज' निवडले, म्हणजे तारेतून जे येईल ते पाहुणे समजून पुढे न्यावे. डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्याने श्वास रोखून वायर घातली.

टिक्. हिरवा. हिरवाच राहिला. यंत्राच्या तोंडावरचा दिवाही स्थिर झाला.

मुकादमाने टाळी वाजवली. सासऱ्यांनी टाळी पाहिली, आणि दोन बोटांनी डब्याला हळूच स्पर्श केला. झोपलेल्या नातवाच्या कपाळाला करावा तसा.

वायरमन जवळजवळ धावतच ऑफिसात आला. पडदा कोरा होता.

"डबा दिसतोय मला," बाई म्हणाल्या. "यंत्र नाही दिसत."

मग त्या दोघांनी माहितीचे पुस्तक उघडले. दुपारचे बारा वाजेपर्यंत वाचल्यावर गोम सापडली. मोबाइलवर चालणाऱ्या गप्पांच्या गर्दीत खडकाचा आवाज हरवू नये म्हणून यंत्राला वेगळी वाट लागत होती. ती वाट नऊही डब्यांना सांगावी लागणार होती. एकालाही ठाऊक नसेल तर बोलणे तिथेच अडायचे.

"आणि इथे खाली लिहिलंय," बाई बोट ठेवून म्हणाल्या, "नवी वाट सांगितलेला डबा आणि न सांगितलेला डबा एकमेकांना ओळखत नाहीत. याचा अर्थ तुम्ही लावा. मी दगडांची इंजिनिअर, डब्यांची नाही."

वायरमनने ते वाक्य ऐकले, 'हो' म्हटले आणि कामाला लागला. त्याने पहिल्या डब्यापासून सुरुवात केली. यात त्याने विचार असा केलाच नाही. बावीस वर्षे त्याने प्रत्येक काम उगमापासून शेवटाकडे केले होते: आधी मीटर, मग मेन, मग खोली, मग दिवा. तार अशीच ओढतात. वायरमन असेच चालतात.

पहिल्या डब्याला नवी वाट सांगून झाली. तो बंद होऊन सुरू झाला. आणि त्याच क्षणी यादीतली पुढची आठ नावे एकदम करडी पडली.

दुसरा नाही, तिसरा नाही. नववाही नाही. हिरव्या अक्षरांत एकटा पहिला उरला. आणि त्याच्या पलीकडे आठशे मीटर अंधार.

"हे काय झालं?" बाई उठून उभ्या राहिल्या.

वायरमनला आता ते वाक्य समजले, पण समजायला उशीर झाला होता. पहिला नवा झाला, दुसरा जुना राहिला. दोघांनी एकमेकांचे हात सोडले, आणि पलीकडच्या सातांना सांगायला जाणारी वाटच दुसऱ्यातून होती. त्याने पहिल्या डब्याला पूर्वीसारखे केले. मग एकेक नाव हिरवे होण्याची वाट पाहत बसणे आले. दुसरा आला. बऱ्याच वेळाने तिसरा आला. घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटे झाली तेव्हा कुठे नववा आला. सकाळपासून जे होते तेच पुन्हा हाती आले, आणि त्यात दुपार निम्मी गेली.

सासरे केव्हाचे मागे येऊन उभे होते. "काय अडलंय?" त्यांनी विचारले.

वायरमनने त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, हातवारे करीत सांगितले. हा पहिला. याला सांगितलं, याचा हात सुटला. पुढच्यांना आता कोण सांगणार? बाईंना ते हातवारे चमत्कारिक वाटले असतील.

सासऱ्यांनी त्या नऊ नावांकडे बराच वेळ पाहिले. मग ते साधेपणाने म्हणाले, "आतल्याला आधी सांगायचं असतं."

"म्हणजे?"

"सुरुंगाच्या आधी माणसं बाहेर काढतो तेव्हा कसं करतो आपण? भोंगे नव्हते तेव्हापासून हीच रीत आहे. माणसामाणसातून निरोप जातो. तोंडाजवळच्याला आधी बाहेर काढला तर आत निरोप कोण नेणार? म्हणून अगदी टोकाच्याला आधी सांगायचं, मग त्याच्या अलीकडच्याला. तोंडाशी उभा असतो तो सगळ्यांत शेवटी हलतो. आतला कुणी राहायला नको." ते थांबले. "डब्यांची गोष्ट वेगळी असेल म्हणा. मला काय कळतंय."

वायरमन त्यांच्याकडे पाहतच राहिला. पाचशे पानांच्या पुस्तकात जे एका ओळीत दडले होते ते या माणसाने कधी न पाहिलेल्या विद्येबद्दल उभ्या-उभ्या सांगितले होते.

"वेगळी नाही, बाबा," तो म्हणाला. "तीच आहे."

त्याने नववा डबा उघडला. पान इतक्या लांबून यायचे म्हणजे आठ जणांच्या हातांतून यायचे. ते हळूहळू, ओळीओळीने उमटले. नवी वाट लिहायची, ती खरोखर उतरली ना हे तपासायचे, मग डबा बंद करून सुरू करायचा. सात मिनिटे गेली. नववा करडा झाला.

"गेला," दारातून मुकादम म्हणाला. दुपारच्या पाळीची माणसे टोप्या घालून बाहेर जमू लागली होती आणि त्यांतली चार-दोन डोकी त्याच्या खांद्यावरून आत डोकावत होती.

"जाऊ द्या."

आठवा करडा झाला. सातवा झाला. सहावा.

"अहो, हे तर एकेक डोळा मिटत चाललंय," मुकादम म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

या कामाचे अवघडपण असे होते की बरोबर चालले काय आणि चुकले काय, पडद्यावर दिसणार एकच: नावे विझताना. नववा डबा त्या क्षणी आत नवी वाट शिकून हात पुढे करून उभा होता की कायमचा मुका झाला होता, हे सांगणारा जगात कुणी नव्हता. नववा आठव्याची वाट पाहत असेल, आठवा सातव्याची. वायरमनच्या डोळ्यांसमोर तो अंधारा बोगदा उभा राहिला, आणि त्यात एकामागून एक, कुणालाही न दिसता, कुणालाही न ऐकू येता, एकमेकांना शोधणारे ते डबे. आपण यांना काळोखात ढकलतो आहोत केवळ एका ऐकू न येणाऱ्या माणसाच्या शब्दावर, असे त्याच्या मनात आले. आणि तरीही त्याने पुढचा डबा उघडला.

पाचवा. चौथा. तिसरा. एक वाजून छत्तीस मिनिटांनी दुसरा करडा पडला. यादीत पुन्हा एकटा पहिला उरला. अगदी मघाच्या चुकीसारखेच चित्र.

"गाडी आली," कुणीतरी बाहेरून म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, वायरमनकडे पाहिले, आणि बाहेरच्या माणसाला म्हणाल्या, "ड्रायव्हरला चहा द्या."

वायरमनने तोंडाशी उभ्या असलेल्या शेवटच्या डब्याला, म्हणजे पहिल्याला, नवी वाट सांगितली. तोही विझला. आता यादीत एकही नाव हिरवे नव्हते. त्या खोलीत अठरा-वीस माणसे होती. पण भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

पहिला हिरवा झाला.

पण पहिला मघाशीही हिरवाच होता.

मग दुसरा हिरवा झाला. आणि वायरमनच्या घशातून असा काही आवाज निघाला की त्याचे त्यालाच नवल वाटले. तिसरा. चौथा. आता मध्ये थांबणे नव्हतेच; जणू आत सगळे हात पसरूनच उभे होते, आणि एका हाताला हात लागताच पुढचा लागत गेला. पाचवा, सहावा, सातवा. वळणापाशी क्षणभर थांबले. मग आठवा. मग नववा. आणि नवव्याच्या खाली, पूर्वी कधी नसलेले, एक दहावे नाव उमटले: यंत्राचे. कोऱ्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक बारीक हिरवी रेघ चालू लागली.

रेघ सपाट होती, पण मेलेली नव्हती. अतिशय बारीक थरथर तिच्यात होती. डोंगर श्वास घेत असावा तशी. टोप्या घातलेल्या त्या रांगड्या माणसांपैकी एकाने नकळत टोपी काढून हातात घेतली.

दोनला पाच कमी होते.

"आता पाळी आत सोडू?" मुकादमाने विचारले.

"थांबा," वायरमन म्हणाला. त्याचे सासऱ्यांकडे लक्ष गेले होते. ते पडद्याच्या इतके जवळ आले होते की रेघेचा उजेड त्यांच्या गालावर पडला होता. "मुकादम, तुम्ही आधी पहार घेऊन आत जा. बाबा रोज जिथे ठोकतात तिथे ठोका, लांबूनच. आणि मोबाइल चालू ठेवा, डब्यांवर चालेल आता."

मुकादमाला आत पोचायला वेळ लागला. मोबाइलवरून त्याचा आवाज आला: "पहिली जागा. उजवीकडे." आणि पडद्यावरच्या रेघेने एक काटा उभारला, उंच, टोकदार, आणि लगेच खाली.

"पक्का," सासरे पुटपुटले.

"दुसरी. माथ्यावर."

पुन्हा काटा. उंच, आखूड.

"पक्का. बघा ना, कसा लगेच गप्प होतो. असाच वाजायचा तो." त्यांच्या आवाजात असे काही होते की बाईंनी वळून पाहिले. एकतीस वर्षे कानाने ओळखलेला आणि वर्षभर हरवलेला माणूस अचानक रस्त्यात समोर यावा, तसे ते त्या रेघेकडे पाहत होते.

"तिसरी. डाव्या खांद्यावर, भिंत छताला मिळते तिथे."

काटा उभा राहिला. पण खाली आला नाही. त्याला शेपटी फुटली. रेघ थरथरत, लांबत, लहान-लहान लाटांनी दूरपर्यंत गेली आणि मोठ्या नाइलाजाने सपाट झाली.

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. "पुन्हा ठोकायला सांगा."

पुन्हा तीच लांब, थरथरती शेपटी.

"त्यांना मागे घ्या," ते म्हणाले. मग मोठ्याने: "मागे व्हा म्हणावं! डावा खांदा पोकळ आहे. आतून सुटलाय." खोलीत सगळे त्यांच्याकडे वळले. "काल मी तिथे पक्का म्हणालो होतो. आज सकाळीही म्हणालो. हाताला पक्का लागला होता." त्यांनी टोपी काढली. "मला ऐकू येत नाही, बाई. वर्ष झालं. जावईबापूंना ठाऊक आहे. त्यांना मीच शब्दात अडकवलं होतं. त्यांना बोल लावू नका."

दुपारच्या पाळीच्या त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले; आजच्या दिवशी आपण कशाखाली उभे राहणार होतो हे त्यांना कळले होते, आणि ते कुणी कळवले तेही. पुढे उभा असलेला एक ड्रिलवाला म्हणाला, "कानसेन, तिथून सरका थोडे. आम्हालाही दिसू द्या." एवढेच. सासऱ्यांनी त्याचे ओठ वाचले आणि ते बाजूला सरकले; तेव्हा कुठे त्यांच्या खांद्यांतला ताण गेला.

आत मुकादमाने दोन माणसे आणखी बोलावली. बाजूला पक्क्या खडकाखाली उभे राहून, लांब पहारींनी त्यांनी डाव्या खांद्याची भेग उचकायला घेतली. पडद्यावर काटे उठत होते. मग ते दाट झाले. सासऱ्यांनी हात वर केला.

"आता," ते म्हणाले.

रेघ पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत उसळली. वरची कड फोडून बाहेर जाईल की काय असे वाटले. पण खोलीत, बाहेर, साऱ्या आसमंतात कसलाही आवाज नव्हता. झाडावर एक पाखरू बोलत होते तेवढेच. डब्यांनी निरोप आणला होता; हवेला अजून चालत यायचे होते.

"आता येईल बघा आवाज," सासरे म्हणाले.

एक. दोन. वायरमनने मनात तीन म्हटले, आणि बोगद्याच्या तोंडातून तो गडगडाट बाहेर आला. खिडकीच्या काचा थरथरल्या, चहाचे कप वाजले. आवाज मोठा होता. पुढे मोजले तेव्हा तो दगड दीड खाटेएवढा भरला. मागोमाग मोबाइलवर मुकादमाचे हसणे, खोकणे आणि तिन्ही माणसे धडधाकट असल्याची वार्ता आली.

वायरमनने सासऱ्यांकडे पाहिले. ज्या आवाजाने काचा हलल्या तो त्यांना ऐकू आला नव्हता. पण साऱ्या ऐकणाऱ्यांच्या आधी तो त्यांनाच ठाऊक होता. ते दोन बोटे टेबलावर ठेवून उभे होते, आणि लाकडातून येणारी शेवटची थरथर संपेपर्यंत त्यांनी ती उचलली नाहीत.

दारात गाडीचा ड्रायव्हर रिकामा कप घेऊन उभा होता. "यंत्र कुठंय? घालू गाडीत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते कामात आहे."